टॉम बी नावाचा कोणी नव्हता

माझ्या ताईवर अन्याय झाला. २००५ साली, दसऱ्यानंतरच्या शनिवारी, आयर्लंडच्या मधल्या भागातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, चहाची सुट्टी व्हायच्या जरा आधी. तिनं घडवलेल्या काडतुसाला दुसऱ्याच माणसाचं नाव लागलं. ती उभी राहून ‘हे माझं आहे’ म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायला शिकलो. शिकवणारे म्हणायचे, आधी कोणावर अन्याय झाला ते लिही, मग कधी झाला ते, आणि शेवटी वाचणाऱ्यानं काय करायचं ते. मध्ये काव्य नको. मी आजवर मध्ये काव्य येऊ दिलेलं नाही. पण या गोष्टीच्या मध्ये एक तळं आहे, एक ओलसर शेड आहे, आणि भर दुपारी पडदे ओढून केलेला अंधार आहे. त्याला माझा इलाज नाही.

ताई गॉलवेच्या एका कारखान्यात होती. तिथं डॉक्टरांची अवजारं बनतात. खुब्याचा सांधा बदलताना हाडात भोक पाडतात आणि मग ते नेमक्या आकाराला आणतात. ते आणायची जी धारदार पोलादी कांडी असते, तिला रीमर म्हणतात. ताई रीमर डिझाइन करायची. मी २००३ला तिथं शिकायला आलो आणि तिच्याच घरी राहिलो. आठवडाभर कॉलेज, शनिवारी गावातल्या रस्त्यावर परमिटवाल्या कामगारांची पत्रकं वाटायची. तेव्हा वर्क परमिट मालकाला मिळायचं. माणसाचं नाव त्यावर नुसतं लिहिलेलं असायचं, मशीनचा नंबर लिहितात तसं. नोकरी बदलायची तर नवा मालक शोधा, तो नवं परमिट काढेल, नाहीतर बॅग भरा. ताईच्या ड्रॉइंगवरही तेच. खालच्या कोपऱ्यात काढणाऱ्याच्या नावाची चौकट असते, तिथं तिच्या विभागाचं नाव आपोआप छापून यायचं.

‘या देशात माझ्या नावावर एकच गोष्ट आहे,’ ती म्हणायची. ‘लायब्ररीचं कार्ड. आणि त्यातही स्पेलिंग चुकलंय.’

तिच्या कारखान्यातला एक जण हरणांच्या शिकारीला जायचा. तो तिला म्हणाला, कॉनेमाराच्या वाटेवर एक म्हातारा बंदूक कारागीर आहे, त्याला रीमरमधलं कळणारं माणूस हवंय. एका रविवारी आम्ही गेलो. मी नुसता सोबत. रस्ता तळ्याच्या कडेकडेनं जात होता, आणि तळ्यावर पाऊस पडतोय की तळ्यातून वर चाललाय हे कळत नव्हतं. डोंगर अर्धे होते. वरचे अर्धे ढगात राहून गेले होते. शेड शोधत आम्ही एकाच मेंढीपाशी दोनदा आलो. दुसऱ्यांदा तिनं आमच्याकडे ओळखीनं पाहिलं, असं ताईचं म्हणणं.

म्हातारा उंच, खांद्यातून वाकलेला. उजवा कान बंदुकांनी नेला होता, डावा अर्धामुर्धा. त्यानं ताईला बसायलाही सांगितलं नाही.

‘हाडाचे रीमर करतेस?’

‘हो.’

‘माझ्या खुब्यात सांधा बसवलाय, तो तुमच्याच रीमरनं बसवला असेल.’

‘दुखतो का?’

‘ग्रँड आहे.’

‘मग आमच्याच.’

तो इतका हसला की त्याला स्टूलवर बसावं लागलं. ताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘मिस्त्री भारी आहे रे.’

‘काय म्हणाली ती मला?’ त्यानं विचारलं. ‘मिस्टरी?’

‘मिस्त्री,’ मी म्हणालो. ‘म्हणजे कारागीर.’

‘मिस्टरी,’ तो खूश होऊन म्हणाला. ‘सत्तर वर्षांत मला कोणी रहस्य म्हणालं नव्हतं.’ त्या दिवसापासून तो आमचा मिस्त्री झाला, आणि स्वतःच्या मनात रहस्य.

त्याला रानमांजर बनवायचं होतं. कुठल्या कारखान्यात बनत नाही, कुठल्या दुकानात मिळत नाही, अशा काडतुसाला इंग्रजीत वाइल्डकॅट म्हणतात, म्हणजे रानमांजर. जगभर असले वेडे कारागीर आहेत. ते बाजारातल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घेतात, तिची मान आवळतात, खांदा चढवतात, पोट फुगवतात, आणि मग त्या नव्या आकाराचं घर रायफलीच्या नळीत कोरतात. ते घर कोरायला त्याच आकाराचा रीमर लागतो. एकदा रीमर झाला की रानमांजर जन्मलं म्हणायचं.

‘मान, खांदा, पोट, तळ, तोंड,’ ताईनं ते शब्द पुन्हा म्हणून पाहिले. ‘अरे, हे तर भांडीवालीचं बोलणं आहे.’

मिस्त्रीची अडचण वेगळीच होती. आयर्लंडमध्ये घरी काडतूस भरायला परवानगी नाही. बंदुकीची दारू बाळगली तर गार्ड, म्हणजे इथला पोलीस, दारात. आणि नव्या आकाराची पुंगळी तर एरवी गोळी झाडूनच घडते. जुनी पुंगळी नव्या घरात घालायची, बार उडवायचा, की आतल्या जाळानं पितळ फुगून घराच्या भिंतींना टेकतं. मिस्त्रीकडे दारू नव्हती. म्हणजे ती नव्हती. दुसरी प्रेसमध्ये होती, प्रेस म्हणजे त्यांच्याकडे कपाट, आणि ती तो आम्हाला चहातून द्यायला बघायचा.

म्हणून तो पाण्यानं पुंगळ्या फुगवायचा. जाड पोलादी साच्यात पुंगळी बसवायची, तिच्यात काठोकाठ पाणी भरायचं, वर घट्ट दट्ट्या ठेवायचा, आणि दट्ट्यावर लाकडी हातोडा. पाणी काही दबत नाही. मग पितळालाच सरकावं लागतं. ठप्प असा एक ओला आवाज यायचा, लांब कुठेतरी दार लागावं तसा. साचा उघडला की आत नवा खांदा घेऊन पुंगळी बसलेली असायची, कडेनं थेंब टपकत.

ताईला हे बघून काय झालं मला माहीत नाही. मग तिनं चहाच्या खोक्याचं पुठ्ठं फाडलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आमच्या घरातला पितळेचा तांब्या काढला. बुटका. पोट जवळजवळ सरळ, खांदा एकदम चढा, मान आखूड.

‘हे काय?’

‘पाणी भरायचं भांडं. तुम्ही पाणीच भरताय, तर मग आकार नीट घ्या.’

मिस्त्रीनं ते पुठ्ठं खिडकीकडे नेलं. बराच वेळ त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, खांद्यावर अंगठा फिरवला, जणू कागदावरही खांदा हाताला लागणार होता. बाहेर तळं पांढरं झालं होतं.

‘हे हरणाला चालेल,’ तो म्हणाला.

त्यानंतर आमचे रविवार तिकडे गेले. मला बंदुका आवडत नाहीत. मी तसं सांगितलंही होतं. मिस्त्री म्हणाला, ‘यंग फेला, मला पत्रकं आवडत नाहीत. बस.’ म्हणून मी बसायचो. कधी झोप लागायची. जागा झालो की लेथ हळू फिरत असायचा, रीमर नळीत जात असायचा, आणि ताई तेलाचे थेंब सोडत असायची. पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या जळणाचा, धूर खाली उतरून आमच्या गुडघ्यांशी थांबायचा. त्या शेडमध्ये दुपार संपायची नाही. आपण केव्हा आलो, आता घरी जायला हवं का, हे प्रश्न तिथं सुचायचेच नाहीत.

पुंगळीची मान मऊ करायला ती तापवावी लागते, आणि जास्त तापली तर वाया जाते. बरोबर तापली की नाही ते रंगावरून कळतं, आणि तो रंग इतका फिका असतो की उजेडात दिसत नाही. म्हणून मिस्त्री भर दुपारी पडदे ओढायचा. निळी ज्योत. तिच्यात फिरणारी पुंगळी. मग मानेवर काहीतरी यायचं, तांबूस म्हणावं तर तेवढंही नाही. झोपेत डोळ्यांपुढे येतो तसला रंग. ‘आता,’ ताई म्हणायची. पाण्यात चर्र. पुन्हा अंधार.

नळीतलं घर नीट कोरलं गेलं का, ते बघायचीही एक रीत होती. थोड्याशा उष्णतेनं वितळणारा धातू त्या पोकळीत ओतायचा, गार होऊ द्यायचा, आणि बाहेर काढायचा. बाहेर यायचा तो आकार कधी न झाडलेल्या काडतुसाचा. राखाडी, गार, मुठीत मावणारा. पहिल्यांदा तो बाहेर आला तेव्हा ताईनं तो गालाला लावला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

नाव ठेवायचा दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण त्या दिवशी ऊन होतं.

‘आधी नळीचं माप,’ मिस्त्रीनं रिवाज सांगितला. ‘साडेसहा मिलिमीटर. मग नाव. ज्यानं आकार काढला त्याचं. रानमांजराला बापाचं नाव लागतं.’

‘आणि आई असली तर?’

‘तर आईचं. आकार तू काढलास. सांग.’

‘माझं नाव नको. मीटिंगमध्ये रोज त्याचे तुकडे पडतात, तेवढे पुरे. तांब्या म्हणा.’

‘टॉम बी?’

‘तां-ब्या.’

‘तेच म्हणालो ना मी. टॉम बी.’

मी हसून खाली पडायचा बाकी होतो. ताई म्हणाली, ‘दात काढू नकोस. एकाच कानानं ऐकतात ते. शिकतील.’

घरी फोनवर आईला हे कळलं तेव्हा वेगळाच घोळ झाला.

‘बंदुकीच्या गोळीला तांब्या? अगं, तांब्या घेऊन माणसं कुठं जातात, ठाऊक आहे ना? कलश म्हण, लोटी म्हण, काहीतरी बरं म्हण.’

‘आई, इथं कोणाला ठाऊक नाही.’

‘मला ठाऊक आहे ना!’

पण ताई अडून बसली. मिस्त्रीसारखी तीही हट्टी होती. तिला कौतुक हवं होतं, आणि ते हवं आहे हे ती लपवायची नाही. कारखान्यात कोणी विचारलं की ती सांगायची, माझं एक काडतूस येतंय, तांब्या नावाचं, बघालच. डब्लिनजवळ टॅलाला ओळखीच्यांकडे दिवाळीला गेलो तेव्हा तिनं फराळाच्या टेबलावर सगळ्यांना पुंगळीचा खांदा हवेत काढून दाखवला. हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या एका बाई म्हणाल्या, ‘चकलीचा सोऱ्याच ना हा?’ ताई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

त्या दिवाळीतच ती चूक झाली. पाण्यानं घडवलेल्या पुंगळ्या काळपट झाल्या होत्या. पितळ आहे, मग काय करायचं? आपल्याकडे करतात तेच. ताईनं घरी पातेल्यात चिंच कोळली, पुंगळ्या त्यात टाकल्या, आणि आम्ही टॅलाला निघून गेलो. घासायला तासभर पुरला असता. त्या तिथं सगळी दिवाळी राहिल्या. आलो तर पुंगळ्या गुलाबी. आंबटानं पितळातलं जस्त वरच्या वर खाल्लं होतं आणि तांबं उघडं पडलं होतं. लहान मुलीच्या गालासारख्या दिसत होत्या. ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली.

मिस्त्रीनं एक पुंगळी उभी कापली, भिंगातून पाहिली. ‘नुसती कातडी आहे,’ तो म्हणाला. ‘आत ग्रँड. काय टाकलंस म्हणालीस? झाडाची शेंग?’ मग बाकीच्या पुंगळ्या काळजीनं खोक्यात भरता भरता म्हणाला, ‘लाजल्यात बिचाऱ्या. पहिल्यांदाच पाणी ओलांडून चालल्यात.’

कारण त्या इंग्लंडला जायच्या होत्या. कोणीतरी काडतूस खरंच भरून, झाडून बघायला हवं होतं, आणि ते इथं करता येत नव्हतं. समुद्रापलीकडे मिस्त्रीच्या ओळखीचा एक बंदूकवाला होता. रीमर, ड्रॉइंग आणि त्या गुलाबी पुंगळ्या त्याच्याकडे गेल्या. हिवाळाभर फोन येत राहिले. मिस्त्री डाव्या कानाला रिसीव्हर दाबून ओरडायचा, आणि ठेवला की आम्हाला सांगायचा, ‘सरळ मारतंय. फार सरळ मारतंय.’ ताईच्या हातून चहात साखर जास्त पडायची. आपण ज्याचा नुसता गार आकार हातात धरला, ते कुठंतरी धुक्यातल्या शेतात आवाज करतंय, हे मला त्या दिवसांत झोपताना आठवायचं. आवाज मात्र कधी ऐकू यायचा नाही.

मग तो शनिवार.

शिकारी आणि बंदूकवाले यांचा मेळावा होता. टेबलांवर शिंगं, सुऱ्या, मेणकापडी जॅकेटं, एका बाजूला सँडविच. समुद्रापलीकडचा तो बंदूकवाला नव्या काडतुसावर बोलणार होता. ताईनं दसऱ्याची साडी नेसली होती, वरून थंडीचा कोट. मिस्त्रीनं टाय लावला होता, तो त्याला काचत होता. आम्ही मागून तिसऱ्या रांगेत बसलो.

माणूस चांगला बोलत होता. उंच, हसतमुख. मी त्याला राक्षस करणार नाही, तो नव्हताच. त्यानं आधी पुंगळी उंच धरून दाखवली.

‘रंग बघा. गुलाबी. ही आमच्या वर्कशॉपची खास प्रक्रिया आहे, तिनं मान गोळीला जास्त एकसारखी धरते.’

‘चिंच!’ ताई माझ्या कानात म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. ‘अरे, चिंचेची प्रक्रिया!’ माझंही हसू आवरेना. त्या क्षणापर्यंत आम्ही दोघं फार मजेत होतो.

मग पडद्यावर पुढचं चित्र आलं. तांब्याच. तोच खांदा, तीच आखूड मान. खाली लिहिलं होतं साडेसहा, आणि त्यापुढे त्या माणसाचं आडनाव.

ताईला वाटलं, पुढच्या चित्रात येईल. पुढच्या चित्रात हरीण होतं.

तिनं हात वर केला आणि वाट न बघता उभी राहिली. ‘याला आधी दुसरं नाव होतं ना?’

‘हो, कामापुरतं होतं,’ तो म्हणाला. ‘टॉम बी. मी फोनवर विचारलं, हा टॉम बी कोण? तर मला सांगितलं, टॉम बी नावाचा कोणी माणूसच नाही. म्हटलं, मग नाव मोकळंच आहे.’

लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं.

‘टॉम बी मी आहे,’ ताई म्हणाली.

आणि मग हॉल जो हसला! साडीवरच्या कोटातली एक बाई, म्हणतेय मी टॉम. कोणी टाळ्या वाजवल्या. मागून एक जण ओरडला, ‘गुड मॅन, टॉम!’ बोलणाऱ्यालाही हसू आलं. त्यानं तिला छान वाकून नमस्कार केला, आणि मंडळी चहाला उठली. ताई उभीच होती. लोक तिच्या बाजूनं जाताना खांद्यावर थोपटत होते, झकास, झकास म्हणत होते.

मिस्त्री आपल्या टोपीच्या आत बघत होता. काहीतरी लिहिलेलं असावं तसा.

परतीच्या वाटेवर गाडी ताई चालवत होती. मी मागून मिस्त्रीवर तुटून पडलो.

‘तुम्ही उठला का नाहीत?’

‘दुसऱ्या रांगेत कोण होतं पाहिलंस?’

‘गार्ड.’

‘माझ्या शेडचं लायसन तोच बघतो. मी म्हणालो असतो, हे माझ्याकडे झालं, तर त्याचा पुढचा प्रश्न काय? कशानं फुगवलंस? कुठं झाडलंस?’

‘पाण्यानं फुगवलं म्हणायचं! खरंच पाणी होतं!’

‘पाणी होतं यावर विश्वास ठेवणारा गार्ड मला दाखव, यंग फेला. तोवर शेडला कुलूप.’

‘आणि फोनवर? टॉम बी कोणी नाही, असं तुम्हीच सांगितलंत!’

‘कोणी नाहीच,’ तो गोंधळून ताईकडे वळला. ‘ते भांडं आहे. तूच म्हणाली होतीस ना, भांडं आहे?’

वायपर चालू होते. शेतं हळूहळू निळी होत होती, आणि एकेक घर दिवा लावून मागे जात होतं. मी म्हणालो, मी पत्रक काढतो. मथळा तयार आहे. सोमवारी सगळ्या गॉलवेत वाटतो.

‘माझं शेड येणार त्यात?’ मिस्त्रीनं विचारलं.

‘यावंच लागेल. त्याशिवाय पुरावा काय?’

‘मग नाही छापायचं,’ ताई मराठीत म्हणाली.

‘अगं पण अन्याय—’

‘माझा आहे ना? तुझा नाही ना? मग गप्प बस. मी सांगेन तेव्हा छाप.’

मला आजही त्या वाक्याचा राग आहे. पण ते खोडता येत नाही.

पुढच्या रविवारी मिस्त्रीनं पडदे ओढले नाहीत, लेथ लावला नाही. त्यानं ताईला समोर बसवलं. ‘बोल,’ म्हणाला. ‘हळू. या कानात.’

‘तां.’

‘टॉं.’

‘जीभ दाताला लावा. तां.’

‘तां.’

‘ब्या.’

‘बी-या.’

‘एकत्र. मेंढीसारखं. ब्या.’

‘ते येतं मला,’ मिस्त्री म्हणाला, आणि खरंच पहिल्या झटक्यात आलं. हे बरेच रविवार चाललं. मग एक दिवस त्यानं आमच्यासमोर इंग्लंडला फोन लावला आणि स्वच्छ, खणखणीत म्हणाला, ‘त्याचं नाव तांब्या आहे. ते एका भांड्याचं नाव आहे, आणि आकार काढणारी बाई माझ्यासमोर बसली आहे. मी तुला चुकीचं सांगितलं नाही, पण तू पुढचा प्रश्न विचारायला हवा होतास.’

पलीकडचा सभ्यपणे बोलला. त्याला फार वाईट वाटलं. पण कॅटलॉग छापून झाले होते, रायफलींच्या नळ्यांवर शिक्के पडले होते, गिऱ्हाइकांना आता तेच नाव ठाऊक होतं. रिवाजानं बघायला गेलं तर जो पहिल्यांदा झाडतो त्याचंही थोडं असतंच, असंही तो म्हणाला. पुढच्या वेळी बघू.

‘पुढच्या वेळी म्हणजे?’ ताईनं विचारलं. ‘मी काय दर वर्षी तांब्या काढणारे?’

मिस्त्रीनं रिसीव्हर ठेवला आणि पाण्याचा तो पोलादी साचा शिकंज्यात बसवला. मला म्हणाला, तुमच्या अक्षरात लिहून दे. मी साच्यावरच बॉलपेननं लिहिलं. त्यानं छिन्नीनं कोरलं, श्वास धरून. ‘ता’ सुंदर आला. जोडाक्षरापाशी त्याची जीभ बाहेर आली. शेवटी अनुस्वाराचा ठिपका एका ठोक्यात मारला, आणि मारला तो ‘ब्या’वर.

‘ताब्यां,’ मी वाचलं. ‘चालेल. कोणाला कळणार आहे?’

‘मला,’ ताई म्हणाली. ‘परत करा.’

त्यानं सगळं घासून काढलं आणि पुन्हा कोरायला घेतलं. बाहेर तळ्यावर तोच पाऊस. पोलादाचा बारीक कीस फोनसाठी मुद्दाम लावलेल्या त्याच्या टायवर पडत होता. ठिपका या वेळी ताईनं मारला.

या वर्षी, २००७ला, कायदा बदलला आणि परमिट माणसाच्या हातात मिळायला लागलं. ताईचं तिला मिळालं. तिनं ते लगेच वापरलं, आणि आता ती दुसरीकडे आहे. मिस्त्रीनं शेड बंद केलं आणि तो मुलीकडे राहायला गेला. त्याला आता दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, पण आम्ही गेलो की तो आधी तांब्या म्हणतो, मग हॅलो. गार्डानं बघावं असं तिथं आता काही उरलेलं नाही. ताई परवा म्हणाली, ‘आता छाप.’

मी अजूनही परमिटची पत्रकं वाटतो, त्यामुळे मला माहीत आहे की लोक पत्रक घडी करून खिशात घालतात. हे घालू नका. ते काडतूस आजही विकलं जातंय, आणि त्यावर त्या माणसाचं आडनाव आहे. तुमच्या ओळखीत शिकारी असतील, लिक्सलिपला, लिमरिकला, इंग्लंडात कोणी मित्र असेल, त्यांच्या तोंडी ते आडनाव येईल. आलं की त्यांना मध्येच थांबवा. त्यांना सांगा की हा आकार एका मराठी बाईनं चहाच्या खोक्यावर काढला आणि त्याचं नाव तांब्या आहे. त्यांना ते नीट म्हणायला लावा, आणि येईपर्यंत सोडू नका.